साडेआठची नोंद

आमच्या सरांच्या राज्यात सकाळी साडेआठ वाजेपर्यंत कालचाच दिवस चालू असायचा. हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं. नवी नवलाई म्हणून मी आठ वाजताच संस्थेत हजर झाले, हजेरीपटावर सही केली आणि पुढे तारीख घातली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून आधी तारखेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपण उद्याच्या तारखेला आलात," ते म्हणाले. "बसा. अर्ध्या तासात होईल ती."

मी अकोल्याची. आमच्याकडे माणूस विक्षिप्त असला तरी आधी चहा पाजतो आणि मग विक्षिप्तपणा दाखवतो. पुण्यात तो क्रम उलटा असतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी अर्धा तास लाकडी खुर्चीवर बसून राहिले. घड्याळात साडेआठ झाले तसे सर उठले, स्वतः जाऊन दोन कप चहा घेऊन आले आणि "सुप्रभात" म्हणाले.

त्यामागचं शास्त्र त्यांनी नंतर समजावलं. पर्जन्यमापकातलं पाणी सगळीकडे सकाळी साडेआठला मोजतात. आधीच्या चोवीस तासांत पडलेला सगळा पाऊस त्या एका आकड्यात येतो. म्हणजे पावसाचा दिवस साडेआठला संपतो आणि साडेआठलाच सुरू होतो. सरांचं सगळं आयुष्य पावसात गेलेलं, त्यामुळे त्यांनी स्वतःचा दिवसही तसाच लावून घेतला होता. सकाळचा पेपरसुद्धा ते साडेआठच्या आत उघडायचे नाहीत. "उद्याच्या बातम्या आत्ताच वाचून काय करायचंय?" असं म्हणायचे.

ते दिवस कॉम्प्युटरचे होते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं बंगळूरला आणि उरलेली पुण्यातल्या नव्या कंपन्यांमध्ये लागली होती. मीही त्याच रांगेत उभी होते. कॉल येईपर्यंत काहीतरी हवं म्हणून सरांच्या प्रकल्पावर प्रोग्रॅम लिहायचं काम धरलं. काही महिन्यांत सोडीन असं मनाशी पक्कं ठरवलं होतं. त्या काही महिन्यांची वर्षं कशी झाली ते कळलं नाही, आणि त्याला बहुतांशी सर जबाबदार आहेत.

काम सांगायला सोपं होतं. आकाशातून फिरणारे उपग्रह ढग पाहतात आणि खाली किती पाऊस पडला असेल याचा अंदाज देतात. त्या अंदाजांवरून भीमेच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी कुठे, कशी आणि किती होते याचा आम्ही अभ्यास करायचो. धरणं भरतात ती घाटातल्या पावसानं, आणि घाटात माणसं विरळ, पर्जन्यमापक त्याहून विरळ. म्हणून उपग्रहाचा आधार. पण उपग्रहाची एक खोड होती. त्याला उंच, थंड माथ्याचा ढग दिसला की तो भरपूर पाऊस सांगायचा, आणि आमच्या घाटातले ढग बुटके. डोंगराला टेकून, खाली बसून ओततात. उपग्रहाला ते दिसायचे आणि तो म्हणायचा, किरकोळ आहे.

"वरून बघणाऱ्याला माणसांची टाळकी दिसतात," सर म्हणायचे. "कुणाच्या पायात काटा रुतलाय ते दिसत नाही. त्यासाठी खाली कुणीतरी लागतं."

उपग्रहाला ते 'पाहुणे' म्हणायचे. पाहुणे आले, पाहुणे गेले, पाहुण्यांना आज घाई होती. त्याच्या नकाशातला एकेक चौकोन एवढा मोठा असायचा की शहरातली कसबा पेठ आणि पार बाहेरचं लोणी काळभोर एकाच चौकोनात गुण्यागोविंदानं नांदायचे. सर त्या चौकोनावर पेन्सिल टेकवून म्हणायचे, "एवढा सलोखा फक्त वरूनच दिसतो."

खाली लागणारं ते 'कुणीतरी' निवडायची त्यांची एक खास पद्धत होती. घाटातल्या गावांमध्ये आम्ही पर्जन्यमापक बसवत हिंडायचो. रोज पाणी मोजून आकडा कळवायला गावातला एक माणूस लागायचा. एका गावी सरपंचांनी आमचं इतकं अगत्य केलं, की मी मनातल्या मनात त्यांचं नाव पक्कं करून टाकलं. सर मात्र नाक्यावरच्या वडेवाल्याकडे गेले. तो तासभर आमच्याशी भांडला. हे भांडं इथं नको, म्हशी धडकतील, तुम्ही सरकारी लोक एकदा येता आणि परत तोंड दाखवत नाही, वगैरे. सरांनी पर्जन्यमापक त्याच्याच हाती दिला.

"गोड माणूस आपल्याला बरं वाटेल तेवढा पाऊस सांगतो," गाडीत बसल्यावर ते म्हणाले. "भांडखोर माणूस पडेल तेवढाच सांगतो."

आमच्या खोलीत 'खूप' या शब्दाला बंदी होती. खूप पाऊस, खूप काम, खूप उशीर, काहीही म्हटलं की सर मान वर न करता विचारायचे, "खूप म्हणजे किती?" कँटीनमधला रामभाऊ एकदा म्हणाला, "सर, आज मिसळ खूप तिखट झालीय." लगेच प्रश्न आला. रामभाऊनं विचार करून सांगितलं, "दोन ग्लास पाणी." सरांचं समाधान झालं. मी एकदा खिडकीतून बघून "सर, पाऊस येऊन राहिला" म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. राहणाऱ्यांना आपण कुठे नाही म्हणतो?" आमच्या बोलण्याची ते अशी टर उडवायचे, पण माझ्या आईचा अकोल्याहून फोन आला की खोलीबाहेर जाऊन उभे राहायचे. मला मोकळेपणी बोलता यावं म्हणून.

त्यांचा संताप मी एकदाच पाहिला. एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीची माणसं संस्थेत प्रात्यक्षिक द्यायला आली होती. टाय लावलेला तरुण मुलगा, भिंतीवर रंगीत नकाशा, निळा म्हणजे पाऊस, पांढरा म्हणजे कोरडं. श्रावणातल्या एका दिवशी अख्खा घाट पांढरा दिसत होता.

"त्या दिवशी उपग्रह इथून गेला होता का?" सरांनी विचारलं.

"नाही सर, त्या भागाचा डेटाच नव्हता. सो वी पुट झीरो."

"मी तुमच्या घरी आलो आणि तुम्ही घरी नसलात, तर तुम्ही वारलात असं धरू का?"

हॉल हसला. सर हसले नाहीत. ते उठून फळ्याकडे गेले. एका बाजूला शून्य काढलं, दुसऱ्या बाजूला एक आडवी रेघ. "हे शून्य. कुणीतरी गेलं, पाहिलं आणि काही नव्हतं. ही रेघ. कुणी गेलंच नाही. या दोन गोष्टींत ज्यांना फरक कळत नाही त्यांनी पावसाच्या वाटेला जाऊ नये." एवढं बोलून ते खोलीत निघून आले. एका शून्यासाठी माणूस एवढा का कावतो ते मला तेव्हा समजलं नाही. ते समजलं त्यांच्या घरी.

मी कसबा पेठेत कॉट बेसिसवर राहायचे. संस्थेची बस शनिवार पेठेत सरांच्या घराजवळ थांबायची, म्हणून मी सकाळी चालत त्यांच्याकडे जायचे. नदीच्या अंगाच्या एका गल्लीत त्यांची तीन मजली इमारत होती आणि तळमजल्यावर ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच राहायचे. सरांनी लग्न केलं नव्हतं, आक्कांनीही नाही. पहिल्यांदा गेले ती जानेवारीची सकाळ होती. सर मागच्या बोळात एका पालथ्या बादलीवर वही ठेवून उभे होते. साडेआठ झाले आणि गच्चीवरून एक खणखणीत आवाज आला.

"शून्य!"

"लिहिलं," सर खालून म्हणाले.

मला वाटलं कुणाचे तरी पाढे चाललेत. "सर, जानेवारीत पाऊस?" मी विचारलं.

"नाही. म्हणून तर शून्य."

"मग त्यासाठी तीन जिने कशाला चढायचे?"

"न चढताच शून्य म्हणायचं?" त्यांनी विचारलं, आणि मला फळ्यावरची ती आडवी रेघ आठवली.

थोड्या वेळानं आक्का जिना उतरून आल्या. ठेंगण्या, ताठ, पदर खोचलेला. शाळामास्तरीण हे लांबूनही कळावं असा चेहरा. माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली, चौकशी केली, अकोल्यात ऊन किती असतं ते विचारलं आणि मग म्हणाल्या, "तुमच्या सरांना विचारा, चहा टाकू का." सर माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "आक्काला सांगा, अर्धा कप." पुढे मला याची सवय झाली. त्या घरात मी मधल्या टपालखात्याचं काम करायचे. मी नसताना ते काम वरच्या मजल्यावरच्या काकू करत, आणि कुणीच नसलं तर ते दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत. एकमेकांशी त्यांचं दिवसभरात एवढंच बोलणं. पावसाळ्यात आकडा आणि 'लिहिलं'. उरलेलं वर्षभर शून्य आणि 'लिहिलं'.

संक्रांतीला आक्कांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि "गोड बोल" म्हणाल्या. सरांपुढे नुसती वाटी सरकवली, बोलल्या नाहीत. सर बाहेर गेल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "आक्का, असं झालं तरी काय?"

आक्कांनी हातातलं काम खाली ठेवलं नाही, पण सांगितलं. तरुणपणी त्या घाटमाथ्यावरच्या एका गावात एकशिक्षकी शाळा चालवायच्या. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता आणि तो मोजणं त्यांच्याकडे होतं. सर तेव्हा प्रबंध लिहीत होते आणि बहिणीचे आकडे वापरत होते. एका पावसाळ्यात तिथे असा पाऊस झाला की आजूबाजूच्या कुठल्याही गावापेक्षा आक्कांचा आकडा दुपटीच्या आसपास निघाला. सरांनी तो प्रबंधातून गाळला. छापील प्रत त्यांनी मोठ्या प्रेमानं बहिणीच्या हातात दिली. आक्कांनी वह्या तपासाव्यात तशी ती पहिल्या पानापासून वाचली, आणि शेवटी बारीक अक्षरातली एक टीप सापडली. एक नोंद वगळली आहे, निरीक्षकाने तेच पाणी दोनदा मोजले असावे.

"मी दोनदाच मोजलं," आक्का म्हणाल्या. "पण तेच नाही. दुपारी मापकातली बाटली गळ्यापर्यंत आली होती. वाहून जाईल म्हणून रिकामी केली, मोजली, परत लावली. सकाळी पुन्हा मोजली. दोन्हींची बेरीज. यात काय चुकलं?"

"मग तुम्ही सरांना सांगितलं का नाही?"

"मी का सांगू? त्यानं विचारायला हवं होतं. अगं, मी बरोबरच होते असंही माझं म्हणणं नाही. तेव्हा हात गारठले होते, चुकलेही असेन. पण विचारायला काय जात होतं त्याचं?" मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, "आणि तू सांगायचं नाहीस. माफी नकोय मला. त्यानं एकदा विचारावं, एवढंच. माझे डोळे मिटायच्या आत विचारलं तर बरं."

निवृत्त होऊन त्या या घरात राहायला आल्या तेव्हा सरांनी एक शब्द न बोलता गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. दुसऱ्या दिवशी साडेआठला आक्का वर गेल्या आणि आकडा ओरडल्या. तेव्हापासून ते चालू होतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी आक्का गावाला गेल्या होत्या, म्हणूनच सर आठ वाजता संस्थेत सापडले होते. गच्चीवरचा पर्जन्यमापक शास्त्रात बसत नाही, तो उघड्या जमिनीवर लागतो, हे मलाही एव्हाना कळत होतं. मी सरांना तसं म्हटलं. "आक्काही शास्त्रात बसत नाही," ते म्हणाले.

मी आक्कांचा शब्द मोडला नाही. पण खडा टाकून पाहिला. "सर, प्रबंधातल्या त्या गाळलेल्या आकड्याबद्दल कधी आक्कांना विचारलंत?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तेव्हाच विचारायला हवं होतं. आता विचारायचं म्हणजे इतकी वर्षं का विचारलं नाही तेही सांगावं लागेल." पडेल तेवढाच पाऊस सांगणारी माणसं शोधत हा माणूस घाटभर हिंडत होता, आणि तसं एक माणूस त्याच्या स्वयंपाकघरात होतं.

मग तो पावसाळा आला. एक आठवडाभर घाटात झड लागली होती आणि त्या दिवशी सकाळपासून शहरातही पाऊस थांबेना. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, नदीपात्रातला रस्ता बुडाला होता, पूल एकेक करून बंद होत होते. सर आणि मी कसेबसे संस्थेत पोचलो होतो. पाटबंधारेवाल्यांना आमच्याकडून पुढचा अंदाज हवा होता. आणखी पाणी येणार असेल तर नदीकाठची वस्ती लवकर हलवायची की थांबायचं, हे त्यांना ठरवायचं होतं.

पडद्यावर पाहुणे नेहमीप्रमाणे म्हणत होते, किरकोळ आहे.

सरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मला फोन लावायला सांगितलं. "आक्काला म्हणावं, दर तासाला रीडिंग हवं." मी घरचा नंबर फिरवायला लागले तर म्हणाले, "घरचा नको. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा लावा."

काकूंनी आक्कांना वर बोलावून घेतलं, मी निरोप दिला. तासाभरानं आकडा आला, मग पुढच्या तासाला पुढचा. मला कळेना. शहरातल्या पावसानं नदीला पूर येत नाही, तो घाटातून येतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मग शनिवार पेठेतल्या गच्चीवरचा, शास्त्रात न बसणारा आकडा दर तासाला कशाला हवा? मी तसं विचारलं.

"विदा आहे," डेटाला विदा म्हणणारे सर म्हणाले. "असू द्यावी."

दुपारी काकूंनीच सांगितलं की गल्लीत पाणी शिरलंय, तळमजल्याच्या उंबऱ्याला लागलंय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "घर सोडून वर जा" असं सांगितलं असतं तर आक्का जागच्या हलल्या नसत्या. दाराला कडी लावून आत बसल्या असत्या. रीडिंग मागितलं तर मात्र त्या गच्ची सोडणार नव्हत्या. मी सरांकडे पाहिलं. ते माझी नजर चुकवून कागद चाळत होते. मला त्या क्षणी ते फार फार आवडले.

घाटातल्या आमच्या भांडखोर निरीक्षकांचे फोन येत होते. मी आकडे भरत होते, प्रोग्रॅम ते उपग्रहाच्या आकड्यांशी जुळवून अंदाज काढत होता. पण सगळ्यात मोठे दोन आकडे प्रोग्रॅम घेईचना. सरांनी त्यात पूर्वीच एक वरची मर्यादा घालून ठेवली होती. एका दिवसात यापेक्षा जास्त पाऊस आला तर ती चूक समजून टाकून द्यायची. मर्यादा त्यांच्या प्रबंधातून आलेली होती. ते दोन आकडे गळले की पाहुण्यांचं खरं ठरत होतं आणि अंदाज खाली येत होता.

तेवढ्यात नाक्यावरच्या वडेवाल्याचा फोन आला. त्या दोनांतला एक आकडा त्याचाच होता. सरांनी घेतला. पलीकडून तो नेहमीसारखा ओरडत होता, मला खुर्चीत बसून ऐकू येत होतं. "साहेब, इतका आकडा कसा म्हणून इचारू नका! बाटली भरली म्हणून मी मधी एकदा ओतली, मोजली, परत लावली. दोन्हीची बेरीज हाय ती!"

सर फोन हातात धरून तसेच उभे राहिले. वडेवाला "हॅलो, हॅलो" करून थकला आणि त्यानं ठेवून दिला. सर म्हणाले, "काकूंचा लावा."

मी लावला. आक्का आल्या. सरांनी रिसीव्हर स्वतःच्या हातात घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांना बहिणीशी फोनवर बोलताना पाहिलं नव्हतं.

"आक्का," ते म्हणाले. मग थांबले. मग घसा खाकरून म्हणाले, "तिकडे शाळेत असताना, त्या पावसात, तू मधे बाटली रिकामी केली होतीस का?"

पलीकडे फक्त पावसाचा आवाज येत होता. मी रिसीव्हरजवळ कान नेला.

"केली होती," आक्कांचा आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज त्या दिवशी एकदम बारीक झाला होता. "दुपारी. भरत आली होती रे."

"हं."

"एवढं विचारायला इतका वेळ?" आता आवाज पूर्ववत झाला होता. "आणि आता मी पाऊस बघू का तुझ्याशी बोलत बसू? घे, आत्ताचं रीडिंग घे." त्यांनी आकडा सांगितला.

"लिहिलं गं," सर म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि मला म्हणाले, "ती वरची मर्यादा काढून टाका."

मी काढली. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. आकडा झटकन वर गेला. सरांनी तो दोनदा वाचला आणि पाटबंधारेवाल्यांना फोन केला. "आणखी येतंय," म्हणाले. "आमचा आधीचा अंदाज चुकीचा होता. थांबू नका. काठावरच्यांना हलवा." संध्याकाळी नदी आणखी चढली. आमच्या फोननं काय वाचलं आणि काय नाही, ते मला सांगता येणार नाही. वस्तीतली माणसं उजेडात बाहेर पडली, एवढं मी दुसऱ्या दिवशी ऐकलं. आम्ही पोचलो तेव्हा सरांच्या घरात गुडघाभर पाणी होतं. आक्का काकूंकडे बसून सरांच्या नावानं बोटं मोडत होत्या, की पुस्तकं वरच्या फळीवर ठेवायची अक्कल नाही, आणि हे सगळं त्या प्रत्यक्ष सरांनाच सुनावत होत्या. माझं टपालखातं त्या दिवशी बंद पडलं.

त्यानंतर त्यांच्यात लाडीगोडी सुरू झाली असं कुणी समजू नये. भांडणं मात्र भरपूर सुरू झाली, इतकी की काकू म्हणाल्या, पूर्वीची शांतता बरी होती. पण रोज साडेआठला खालून "लिहिलं गं" असं जायचं, आणि त्या एका 'गं'साठी मी कितीदा तरी मुद्दाम लवकर जाऊन बोळात उभी राहिले आहे. निवृत्तीआधी सरांनी वरच्या खोऱ्यातल्या अतिवृष्टीवर शेवटचा निबंध लिहिला. त्यात आक्कांचा जुना आकडा परत आला. खाली टीप होती की निरीक्षकाने बाटली मध्ये रिकामी केली होती, तसे निरीक्षकाला विचारून घेतले आहे. आक्कांनी तो निबंध लाल पेन घेऊन वाचला, दुसऱ्याच पानावर छपाईची चूक काढली आणि तिला गोल करून सरांना परत दिला. सरांनी ती प्रत जपून ठेवली.

मलाही शेवटी हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली. सांगायला गेले तेव्हा भीती वाटत होती. सर म्हणाले, "जा. तिथे एसी असतो म्हणे." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "खूप चांगलं काम केलंत तुम्ही."

मला राहवलं नाही. डोळे भरले होते तरी विचारलं, "खूप म्हणजे किती, सर?"

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. "बाटली भरून वाहिली. अशा वेळी जो आकडा मिळतो तो बाटलीचा असतो, पावसाचा नसतो."

सर गेले ते दिवाळीनंतर. झोपेतच गेले, पहाटे. म्हणजे त्यांच्या हिशोबानं आदल्या दिवशी. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी परदेशात होते. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच शनिवार पेठेत गेले. थंडी पडली होती, आकाश स्वच्छ होतं. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. जिन्यात काकू भेटल्या. हळूच म्हणाल्या, "वर गेल्यात. रोज जातात. आकडा सांगतात आणि कितीतरी वेळ कठड्याशी उभ्या राहतात. खाली कुणी नसतं, तरी."

मी मागच्या बोळात गेले. सर जिथे उभे राहायचे तिथे त्यांची जुनी बादली पालथी पडली होती. मी शेजारी उभी राहिले. साडेआठ झाले.

"शून्य!" वरून आवाज आला. तसाच खणखणीत.

मी खालून म्हटलं, "लिहिलं."

मग कठड्यावरून आक्कांचा चेहरा वाकला. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"तू होय," त्या म्हणाल्या. "अगं, नुसतं लिहिलं नाही. पुढचंही म्हण."

"लिहिलं गं, आक्का," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, बाटली पुन्हा जागेवर लावली आणि सावकाश जिना उतरायला लागल्या.